पाणी चालणारी

मला दवाखान्यात काम मिळालं ते माझ्या हातच्या पाण्यामुळे. शिक्षण, हुशारी, स्वभाव यातलं कुणी काही विचारलं नाही. स्वभाव विचारला असता तर मिळालंही नसतं, कारण तोंडाची मी पहिल्यापासून फटकळ.

नवऱ्यानं दुसरी केली आणि मी मिरजगावला आईकडे परत आले. वडील तोवर गेले होते. त्यांच्या हट्टानं मी मराठी सातवी झाले होते, पण टाकलेल्या बाईची सातवी काय चुलीत घालायची? घरात आई, भाऊ, भावजय आणि लग्नाची धाकटी बहीण. भावजयीचं बाळंतपण अडलं म्हणून तिला नगरला एका दवाखान्यात नेलं, तेव्हा सोबतीला मी गेले.

तिथल्या नर्सबाई ख्रिस्ती होत्या. बहुतेकींची माहेरं गावकुसाबाहेरची. खाटांवर आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या बायका, एखादी बामणाघरची. या बायका नर्सच्या हातून सुई टोचून घेत, टाके घालून घेत, गोळीसुद्धा घेत. पण ती गोळी गिळायला तिच्या हातचं पाणी मात्र चालत नसे. औषधाला विटाळ नाही, पाण्याला आहे, असं आमचं शास्त्र. घरचं माणूस बाजारात गेलेलं असलं की बाई कडू गोळी जिभेवर धरून तोंड वेडंवाकडं करत बसून राहायची. मी आपली भावजयीला पाणी देता देता शेजारणींनाही देऊ लागले. मोठ्या सिस्टरांनी ते दोन दिवस पाहिलं आणि विचारलं, इथंच राहतेस का कामाला?

आईनं नाही म्हटलं नाही. घरात एक तोंड कमी होणार होतं, आणि टाकलेली मुलगी डोळ्यांसमोर नसली की धाकटीला बघायला येणारी माणसं प्रश्न कमी विचारणार होती. तिनं एकच अट घातली. स्वयंपाक आपला आपण करायचा, तिथल्या कुणाच्या हातचं खायचं नाही. खाल्लं आणि गावात कळलं तर धाकटीला कोण करून घेणार?

मग माझी रोजची कामं सुरू झाली. सकाळी आडावरून माझी घागर मी भरायची, तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पाण्याची फेरी झाली की बाकीची कामं होतीच. पॅन काढायचे, अंगं पुसायची, पट्ट्या उकळून वाळत घालायच्या. लोकांची घाण काढून माझं पाणी बाटत नव्हतं, पण नर्सनं थापलेली भाकरी खाल्ली असती तर बाटलं असतं. आता याला काय म्हणावं? मी डोकं लावणं सोडून दिलं.

कपड्यांच्या खोलीमागे तीन दगडांची माझी चूल होती. शिकाऊ नर्स मुली मेसमध्ये एकत्र जेवायच्या. त्यांचं हसणं भिंतीपलीकडून यायचं, कुणाची तरी नक्कल चाललेली असायची, आणि इकडे मी ओल्या काटक्या फुंकत बसलेली. लढाईचे दिवस, रॉकेल मिळत नव्हतं. एकटीसाठी पीठ तरी किती मळायचं? कुणी 'अजून अर्धी घे' म्हणणारं नसलं की भाकरी घशाखाली उतरत नाही. मला फार एकटं वाटायचं. मुली वाईट नव्हत्या. त्या माझ्या चुलीपाशी येत नसत, कारण आपली सावली पडली तर हिला पुन्हा चूल सारवावी लागेल, असं त्यांना वाटे. कुणी तोंडावर बोललं असतं तर मी दोन शब्द सुनावले तरी असते.

एकदा एक ओली बाळंतीण दुपारी अचानक पांढरी पडू लागली. खाटेखाली रक्ताचं थारोळं. माझ्याच वयाची नर्स धावत आली, तिनं बाईच्या पोटावर मूठ दाबून धरली आणि डॉक्टरीणबाई येईपर्यंत सोडली नाही. बाई वाचली. तेवढा वेळ मी शेजारी तांब्या घेऊन उभी होते. काय करावं ते मला कळत नव्हतं, आणि त्या नर्सला कळत होतं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच आलं. मला ते शिकायचं होतं.

मोठ्या सिस्टरांना विचारायला मी बरेच दिवस घेतले. त्यांनी ऐकून घेतलं. माझी सातवी झाली आहे म्हणताच त्यांना बरंही वाटलं. मग म्हणाल्या, "नर्सिंगच्या शाळेत ये. पण राहणं हॉस्टेलात आणि जेवण सगळ्या मुलींबरोबर. माणसाच्या हातचं न खाणारी नर्स मला नको."

इकडे आड तिकडे विहीर. शाळेत गेले तर आईच्या चुलीपाशी मला जागा राहणार नव्हती. नाही गेले तर जन्मभर तांब्या घेऊन उभं राहायचं. मी आईला विचारायला गेले नाही. ती काय म्हणेल ते मला ठाऊक होतं, आणि एकदा तिच्या तोंडून ऐकल्यावर मला मोडता आलं नसतं.

मेसमध्ये पहिल्या दिवशी गेले तेव्हा सगळ्या मुली वळून बघू लागल्या. मला कुठं बसवावं तेच कुणाला सुचेना. शेवटी मी टोकाला बसले. वांग्याचं कालवण होतं. एवढ्या दिवसांनी दुसऱ्याच्या हातचं जेवत होते, डोळ्यांत पाणी आलं, तर वाढणारीला वाटलं तिखट झालं. दोन दिवसांत वॉर्डातल्या बायकांनाही कळलं. त्या मला टाळू लागल्या. पाण्यासाठी नवी मुलगी ठेवली. गरज सरो वैद्य मरो, दुसरं काय. हसणाऱ्या मुलींच्या मध्ये बसूनही मी काही दिवस एकटीच होते. जेवणाआधी त्या त्यांच्या देवाची प्रार्थना म्हणायच्या, मला शब्द येत नव्हते.

त्याच पावसाळ्यात भावानं आईला सर्व्हिस मोटारीनं नगरला आणलं. मुदतीचा ताप, शुद्ध नाही. पेरणी खोळंबली म्हणून भाऊ तिला माझ्या ओटीत टाकून परत गेला. मी नर्सिंगच्या शाळेत गेलेय हे त्यालाही माहीत नव्हतं. तेव्हा या तापावर औषध नव्हतंच. कपाळावर गार पट्ट्या आणि पाणी, पुन्हा पाणी. माझी पाळी नसली तरी मी तिच्याजवळ बसे. चमचा ओठाला लागला की आई तोंड उघडायची. मधेच 'बाय गं' म्हणून माझं मनगट धरायची आणि सोडायची नाही. नवऱ्याच्या घरून आल्यापासून तिनं मला असं धरलं नव्हतं. खरं सांगते, ते दिवस माझे सुखाचे गेले.

एका दुपारी तिला दरदरून घाम आला आणि ताप उतरला. तिनं डोळे उघडले, माझ्या अंगावरचा पांढरा एप्रन पाहिला आणि हे काय म्हणून विचारलं. मी शाळेचं सांगितलं.

"आन जेवतीस कुटं?"

लटकं बोलायला एक शब्द पुरला असता. मी म्हटलं, "सगळ्यांबरोबर."

आईनं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मी फुलपात्र भरून तिच्या ओठाला लावलं, तर तिनं ते हाताच्या पाठीनं हळूच बाजूला केलं.

"तापात इटाळ न्हाई. आता उतरलाय. पान्याला दुसरी कुनी आसंल, तिला बोलाव." मग म्हणाली, "मला नगं हाय म्हनून न्हाई गं. धाकटीचं जमत आलंय."

मी नव्या मुलीला हाक मारली. आईला अजून बसवत नव्हतं, म्हणून मी तिला पाठीमागून धरलं. पाठीला माझा हात चालत होता. मुलीनं पाणी पाजलं. आईनं सगळं फुलपात्र संपवलं, आणखी मागितलं.

मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी थर्मामीटर पाहिलं, फार खूश झाल्या, म्हणाल्या, आई वाचली बघ तुझी. मी आईच्या कपाळाला हात लावला. गार होतं. आणि माझ्या मनात आलं, देवा, अजून एक दिवस ताप राहिला असता तर.