माइनस आला की डी

चार वर्षांपूर्वी धर्माबादच्या फलाटावर हैदराबादला नेणारी काचीगुड्याची गाडी लागली, तेव्हा आई जेवणाच्या डब्याबद्दल बोलत होती आणि वडील, आमचे नाना, खिडकीचा गज धरून फिजिक्सबद्दल. जन्मभर कॉलेजात त्यांनी तेच शिकवलं, आणि आता मीही शिकवायलाच निघाले होते. "उत्तर आलं की पोरांकडून खाली एक ओळ लिहून घेत जा," ते म्हणाले. "म्हणजे काय झालं, ते." ओळ नसली तर ते आम्हाला बरोबर उत्तरालाही भोपळा द्यायचे.

तुम्हा मागे राहिलेल्यांना वाटतं, पोरीनं हैदराबादेत नाव काढलं. बरकतपुऱ्यात दोन खोल्या, कोचिंगची नोकरी, सगळे मॅडम म्हणतात. आता खरं ऐका. मला त्या फळ्याची शिसारी आली आहे. फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट म्हणजे इथे चाळीस सेकंदांचं काम: बाराशे चाळीसला वेव्हलेंग्थनं भागा, वर्क फंक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा, वजा करा, पुढचा प्रश्न. उत्तर उणे आलं तर प्रकाशात तेवढी ऊर्जाच नाही, धातूतून एकही इलेक्ट्रॉन सुटणार नाही, दिवे दुप्पट लावले तरी नाही. ही नानांची ओळ. आमच्या पेपरांत 'इलेक्ट्रॉन निघत नाही' हा पर्याय नेहमी शेवटी, डीला असायचा, म्हणून मी पोरांना शिकवलं, माइनस आला की डी. पोरं सुरात ओरडायची, "माइनस आया, डी!" आणि मी हसायचे. आठवलं की स्वतःचीच किळस येते.

गेल्या आठवड्यात पर्यायांचा क्रम बदलला. डीमध्ये होतं, 'इलेक्ट्रॉन दुप्पट वेगाने निघतो'. अख्ख्या वर्गानं डी ठोकला. मी पेपरांचा गठ्ठा ऑफिसात नेऊन आपटला. सेंटरचे सर उलट माझीच समजूत काढायला लागले. "टेन्शन नक्को लेओ मॅडम, अगली बार डी मेंच रखो."

रविवारी नानांचा फोन आला. दर रविवारचाच प्रश्न, "पोरं ओळ लिहितात ना?" चार वर्षं मी बेधडक हो म्हणत आले. या वेळी खोटं बोलवेना.

"नाही नाना. मीच बंद केली."

रागावतील असं वाटलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे काय झालं?"



सोमवारी फळ्यावर उणे उत्तर आलं. पोरं ओरडली, "डी!" मी नानांचाच प्रश्न विचारला, "मतलब क्या हुआ?" चाळीस सेकंद गेले, पोरं पर्यायच पुन्हा वाचत होती. दारातून सरांनी घड्याळ दाखवलं. मी पुढचा प्रश्न न घेता खडू धरून तशीच उभी राहिले. लाज वाटत होती, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच घरी असल्यासारखंही वाटत होतं.