सासऱ्यांचा बॉयलर

सासूबाई गेल्यानंतर सासरे आमच्याकडे पार्श्याला राहायला आले, ते आपणहून नव्हे. शिरगावच्या घरात ते चहा आणि पावावर दिवस काढतात हे बायकोला त्यांच्या शेजारणीकडून कळलं. ती गेली आणि त्यांना घेऊनच आली. मुलीच्या घरी राहणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. जावयाच्या घरात कसं वागावं याचे त्यांचे काही नियम होते. काही मागायचं नाही. जेवणाला नावं ठेवायची नाहीत. जावयाला बोलायचं नाही. हे नियम ते इतके काटेकोर पाळत, की घरात एक माणूस वाढलाय हे फक्त दोरीवरच्या कपड्यांवरून कळायचं.

आमच्याकडे वाफेवर शिजवायचा ओव्हन होता. डॉक्टरांनी मला तेल कमी करायला सांगितलं होतं आणि बायकोनं तो सल्ला माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतला होता. ओव्हनच्या बाजूला पाण्याची छोटी टाकी, तळाशी तापणारी प्लेट. टाकीतलं पाणी प्लेटवर उतरतं, त्याची वाफ होते आणि आत ठेवलेलं शिजतं. त्यात शिजवलेला दुधी मी कितीतरी महिने खाल्ला. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

मग त्या पावसाळ्यात ओव्हन मंदावला. पूर्वी टाकी भरून बटण दाबलं की भाजी चिरून होईतो वाफ यायची. आता भाजी चिरून, भांडी घासून, केर काढून झाला तरी तो तापतच असायचा. सकाळच्या इडल्या आम्ही दुपारी आमटीत बुडवून खाऊ लागलो. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला की पाऊस कमी झाला की येतो. तेव्हा आषाढ होता.

सासरे जेवणाच्या टेबलावर बसून हे सगळं बघत होते. त्यांचं आयुष्य मुरगावला गेलं होतं, बंदरातल्या जुन्या बोटींचे बॉयलर दुरुस्त करण्यात. एके दिवशी ते उठले आणि ओव्हनसमोर जाऊन उभे राहिले.

"पाणी खंय तापता?" त्यांनी विचारलं.

मी तळाची प्लेट दाखवली.

"म्हणजे बॉयलरच हो," ते म्हणाले. "स्क्रूड्रायव्हर आसा?"

आमच्या घरात त्यांनी मागितलेली ही पहिली वस्तू. हत्यार मागणं ते बहुधा मागण्यात धरत नसावेत.

त्यांनी आधी प्लग काढला, मग प्लेटवर नखानं ओरखडा काढला. पांढरी भुकटी निघाली. आमची विहीर खाडीपासून फार लांब नाही, उन्हाळ्यात तिचं पाणी मचूळ होतं आणि तेच टाकीत जात होतं. "खार बसला," ते म्हणाले. "खालून आग लायली तरी वयर पावना." बायकोनं माडाच्या सुरेचं व्हिनेगर दिलं. ते पाण्यात मिसळून त्यांनी प्लेटवर ओतलं आणि समोर खुर्ची टाकून बसले. घरभर लोणच्याचा वास सुटला. संध्याकाळपर्यंत पांढरा थर सुटून आला आणि खालची प्लेट दिसू लागली. ती चकचकीत होती. वाफ थोडी लवकर येऊ लागली, पण थोडीच.

मग त्यांचा संशय दरवाजाच्या रबरावर गेला. दारात कागदाची पट्टी अडकवून त्यांनी ती चहूबाजूंनी ओढून पाहिली. एका कोपऱ्यात पट्टी अलगद निघून आली. "हांगासून वाफ पळता," ते म्हणाले. मी म्हापशाहून नवं रबर आणलं. पट्टी आता कुठूनच निघेना. ओव्हन पहिल्याइतकाच मंद राहिला.

त्यानंतर प्लेटच दमली आहे असं ठरलं. मी पुन्हा म्हापशाला गेलो. नवी प्लेट त्यांनी चष्मा पुसत पुसत, एकेक स्क्रू वाटीत ठेवत बसवली. या दिवसांत ते लवकर उठत, आंघोळ करून तयार होत आणि नाश्ता झाला की लगेच ओव्हनकडे जात, जणू तिथे हजेरी लागते. दुपारी भूक लागल्यासारखे जेवत. बायको हे बघत होती. तिनं मला हळूच सांगितलं, की ओव्हन सावकाश दुरुस्त झाला तरी चालेल.

नवी प्लेट लागली. बटण दाबलं. आम्ही तिघं ओव्हनसमोर उभे राहिलो. वाफ आली, पण जुन्या प्लेटवर यायची तेवढ्याच उशिरा.

सासऱ्यांनी हत्यारं पुसून पेटीत ठेवली आणि खोलीत गेले. संध्याकाळच्या चहाला आले नाहीत. बायकोनं कप आत नेऊन दिला, तो तसाच परत आला. दुसऱ्या दिवशी ते मुलीला म्हणाले, "माका शिरगावाक सोड. चवथ जवळ येता, घर साफ करूक होया." गणेश चतुर्थीला अजून खूप अवकाश होता.

बायको स्वयंपाकघरात जाऊन केर काढू लागली. ओव्हन चालूच होता, आत माझा दुधी होता. ओट्याजवळ मोठा प्लग पॉइंट नसल्यामुळे ओव्हनची वायर एका लांब एक्स्टेन्शनला जोडलेली होती. उरलेली वायर वेटोळं करून खाली ठेवलेली असायची. केरसुणी फिरवायला तिनं ते वेटोळं उचललं आणि तशीच थांबली.

"बाबा," ती म्हणाली, "ही वायर गरम लागता. माजराच्या पोटासारकी."

सासरे बाहेर आले. त्यांनी वेटोळ्यावर हात ठेवला. मग भिंतीकडे जाऊन बटण बंद केलं आणि वायर दिव्याच्या उजेडात धरली. ती चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीला दिव्यांच्या माळा लावायची वायर होती. बारीक. पावसाच्या तोंडावर आधीची एक्स्टेन्शन बिघडली, तेव्हा ही जवळ होती म्हणून मी लावली होती. पाण्यासाठी निघालेली निम्मी ताकद ती वाटेतच खात होती. आमच्या स्वयंपाकघरात पाणी सोडून बाकी सगळं तापत होतं.

"ही कोणी लायली?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. एकदा तोंड उघडलं, मिटलं. मग वायरीकडे वळून म्हणाले, "घर पेटयतली तू एक दिस." हे ते वायरीला बोलले.

ते खुर्चीवर बसले. मग त्यांना हसू आलं. आवाज न करता, खांदे हलवत.

"एकदा एका बोटीर असोच घोळ जालो," ते मुलीला म्हणाले. "वाफ चडना म्हणून आमी आख्खो बॉयलर उकललो. बॉयलर बरो आसलो. वाफेचो दाब दाखवता तो काटो अडकललो. वाफ कधीचीच चडलेली." त्यांनी वायर गुंडाळायला घेतली. "त्या दिसा घरा पावाक काळोख जालो. तुजी आवय जेवल्याबगर बसलेली. हळदीच्या पानातल्यो पातोळ्यो केलेल्यो, थंड जालेल्यो. पुन्हा वाफ दिती म्हणाली. मी म्हटलं, आता वाफेचां नाव काडू नको."

आमच्या घरात आल्यापासून सासूबाईंबद्दल ते पहिल्यांदाच बोलले. बायकोनं केरसुणी भिंतीला टेकवली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. बराच वेळ दोघं बसून होती. मी दुधी काढून गॅसवर ठेवला.

वायरमन आला, ओट्याजवळ जाड वायर आणि मोठा प्लग पॉइंट बसवून गेला. भाजी चिरून होण्याआधीच ओव्हननं वाफ धरली. सासऱ्यांनी काचेवरचे थेंब बघितले आणि मान हलवली. मग परसात गेले आणि हळदीची पानं घेऊन आले. ती ओट्यावर ठेवून म्हणाले, "बघ जमतात काय."

बायकोनं तांदूळ वाटून पानांवर सारवले, गूळ-खोबऱ्याचं चून भरलं, पानं मिटली. वास घरभर गेला. सासऱ्यांनी पातोळी सोलली, खाल्ली, दुसरी घेतली.

"पिठात मीठ कमी," ते म्हणाले.

बायकोनं पदर डोळ्यांना लावला आणि पुढच्या घाण्यात मीठ घातलं. ते थोडं जास्तच पडलं.

चवथीला आम्ही सगळे शिरगावला गेलो. तिथल्या घराचा गणपती चुकवायचा नव्हताच. आता ते तिथेच राहतील असं मी धरून चाललो होतो, बायकोही. विसर्जन झालं, दुसऱ्या दिवशी आम्ही निघायची तयारी केली. त्यांना वाकून नमस्कार करावा म्हणून बायको घरभर शोधू लागली. ते कुठेच नव्हते.

मी अंगणात आलो. ते गाडीत पुढच्या सीटवर बसले होते. घराचं मागचं दार लावून, किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन झाली होती.

"म्हापशाच्या बाजारात आज गर्दी आसतली," ते मला म्हणाले. "भायल्या रस्त्यान घ्या."

मी बाहेरच्या रस्त्यानं घेतली.