होल्स्टरवरचं कुंकू

सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या घरात माझे चुलते, आम्ही त्यांना मोठे बाबा म्हणतो, दर दसऱ्याला कापडाच्या लूमवरच्या कात्रीशेजारी पिस्तुलाचं एक रिकामं लष्करी होल्स्टर पुजतात. ‘तुमच्या आजोबांनी दुसऱ्या महायुद्धातून आणलं, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो,’ हे पालुपद आपट्याच्या पानांइतकंच ठरलेलं. मग पिस्तूल कुठंय, असं विचारलं की त्यांना हमखास खोकला येतो.

यंदा मी वैतागलो. म्हटलं, छडा लावायचाच. लष्करातून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘झाकणाच्या आत बघ, कारखान्याचा ठसा आणि साल सापडेल.’

झाकण उघडलं, तर आत कुंकवाचा जाड थर. बाहेर एवढं मोठं चामडं मोकळं असताना मोठे बाबा वर्षानुवर्षं आतल्या त्याच एका जागी बोट टेकवत आले होते. पूजेआधी खोबरेल तेलाचा बोळा घेऊन मी घासत बसलो. ठसा उमटला, त्याखाली साल उमटलं. मी ते सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचलं.

मोठ्या आईनं पूजेचं ताट खाली ठेवलं. ‘अहो, हे तर आपल्या लग्नाचं साल!’

मोठे बाबा जराही गडबडले नाहीत. ‘पुजलेल्या वस्तूचं वय विचारत नसतात,’ असं म्हणून त्यांनी बोट कुंकवात बुडवलं आणि चष्मा न लावता नेमकं त्या सालावर टेकवलं.

घराण्यात शिपाई असेल-नसेल, नेम मात्र पक्का होता.