ज्याचं जंगल, तो बाहेर

आमच्या गटात सगळे शास्त्रज्ञ होते आणि सगळे एकमेकांना 'जी' लावून बोलत. त्यावरून कुणाला वाटेल की फार सलोख्याचं काम होतं. तसं काही नव्हतं. एक मातीवाले, एक पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या बाई, एक उपग्रहाची चित्रं वाचणारे आणि झाडांसाठी माझे सर आणि मी. छत्तीसगडातली कोणती जंगलं अजिबात हात न लावता राखावीत, याची शिफारस आम्हाला मिळून करायची होती. जे जंगल शिफारशीत बसणार नाही आणि ज्याच्या पोटात कोळसा असेल त्याचं पुढे काय होणार, हे नवा रायपुरातल्या त्या थंडगार खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणूनच सगळे इतकं गोड बोलत.

सर आमच्यात वयानं मोठे. रायपूरच्या जुन्या मराठी घरातले, कॉलेजात मला त्यांनीच वनस्पतिशास्त्र शिकवलेलं. ताठ इतके, की नाकावर माशी बसू देत नसत. पहिल्याच बैठकीत त्यांनी नियम घातला: ज्या जंगलात ज्यानं काम केलंय, त्यानं त्या जंगलाला गुण द्यायचे नाहीत. गुण द्यायची वेळ आली की उठून बाहेर जायचं. त्याचा अहवालही त्या वेळी वाचायचा नाही, कारण प्रेमात पडलेल्या माणसाचा अहवाल काय वाचायचा? सगळ्यांनी माना डोलावल्या. अशा गोष्टींना मान डोलावली नाही तर आपल्याच मनात काही काळंबेरं आहे असं दिसतं.

आता यातली गंमत बघा. ज्याला जंगल माहीत तो बाहेर, आणि ज्यानं ते कधी पाहिलं नाही तो आत बसून गुण देणार. जगात दुसऱ्या कुणाला ही अक्कल सुचली नसती. शेजारच्या खोलीतल्या चहावाल्याला जरी विचारलं असतं, तरी तो हसला असता. आम्ही मात्र त्याला निःपक्षपात म्हणत होतो.

या नियमाचा पहिला बळी पक्ष्यांवाल्या बाई. दक्षिणेकडच्या एका घळीत त्यांनी धनेश पक्ष्यांच्या ढोल्या शोधण्यात उमेदीची वर्षं घातली होती. त्यांना बाहेर काढलं आणि घळ गुणांत पडली. बाई दारात उभं राहून रडल्या, दोन शब्द बोलू द्या म्हणाल्या. सर म्हणाले, "मैडम, आँसू डेटा नहीं होते." सगळ्यांसमोर म्हणाले. मातीवाले हसले, आणि खरं सांगायचं तर ते वाक्य पुढे बरेच दिवस आमच्यात फिरत राहिलं.

पुढच्या फेरीत आमचं जंगल आलं. आमचं म्हणजे सरांचं. उत्तरेकडे, कोळशाच्या पट्ट्यात, साल वृक्षांचं जुनं जंगल. सरांचं अर्धं आयुष्य तिथे गेलं. माझी पीएचडी तिथलीच. सालाच्या मुळाशी पावसाळ्यात पुटू, म्हणजे गोल गोल अळंबी, उगवतात, रायपूरच्या गोल बाजारात ते मटणाच्या वरच्या भावानं विकले जातात. खोलीतल्या सगळ्यांनी ते पुटू चवीनं खाल्ले होते. जंगल मात्र एकानंही पाहिलं नव्हतं. आणि पाहिलेले आम्ही दोघं नियमाप्रमाणे बाहेर बाकावर.

दाराला काच होती. आत पडद्यावर चित्र लागलं आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली. चित्र फाल्गुनातलं होतं. फाल्गुनात साल जुनी पानं टाकतो. थोडेच दिवस, मग नवी पालवी आणि मोहोर एकदमच येतो. पण त्या थोड्या दिवसांत वरून पाहिलं तर झाडी विरळ दिसणारच. उपग्रहवाल्यांनी सगळ्या जंगलांची चित्रं एकाच आठवड्यातली घेतली होती, म्हणजे तुलना न्याय्य होईल! त्यांचं बोट पडद्यावर फिरत होतं आणि मातीवाले मान हलवून काहीतरी लिहीत होते. जिथे माणूस भरदुपारी वाट चुकतो, ते जंगल विरळ ठरत होतं.

"सर, चित्र पानगळीचं आहे," मी म्हणाले.

"दिसून राहिलं मले," सर म्हणाले.

"मग आत जाऊन सांगा ना!"

"नियम म्हणजे नियम. चूप बस."

मी चूप बसले नाही. सरळ दार उघडलं आणि जे सांगायचं ते सांगून टाकलं. फाल्गुन, पानगळ, हे चित्र चालणार नाही, महिन्याभरानंतरचं काढा. उपग्रहवाल्यांचा चेहरा उतरला. त्यांना पटलं होतं, मी पैजेवर सांगते. त्या दिवशी अध्यक्ष होत्या त्याच पक्ष्यांवाल्या बाई. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. माझ्या मागे दारात उभ्या असलेल्या सरांकडे बघून त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, "सर, नियम आपका है. आप कहिए, मैडम की बात सुनें?"

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. एक 'हव', म्हणजे नुसतं 'हो', पुरलं असतं. आमच्याकडे भाजीवालाही दिवसातून शंभरदा हव म्हणतो.

"नहीं," सर म्हणाले. "मैडम ने जो कहा, उसे रिकॉर्ड में मत लीजिए."

"थँक यू, सर. आपसे ही सीखा है," बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः उठून दार लावलं. इतक्या हळू लावलं की आवाजसुद्धा झाला नाही.

जंगल पडलं. मी रडले नाही, कारण रडण्याबद्दल सरांचं मत मला माहीत होतं. गाडीत सर घर येईपर्यंत पाठ एकदम ताठ ठेवून बसले होते. मला त्या पाठीचा राग आला, इतका की त्या वेळी कुणी त्यांना गाडीतून ढकलून दिलं असतं तर मी थांबवलं नसतं.

तोड सुरू झाली तेव्हा मी एकटी जाऊन आले. वर्णन करत नाही. आडवी झाडं सगळीकडे सारखीच दिसतात.

आणि मग आमच्या गटानं सरांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, भाषणं. स्वतःच्या जंगलाच्या वेळीही जे डगमगले नाहीत, असे शास्त्रज्ञ आता होणे नाही, असं मातीवाले गहिवरून बोलले. बाईंनी शाल घातली. सर वाकून नमस्कार करत होते आणि मी बघत होते, ते खरोखर खूष होते. मला वाटलं होतं आतून तुटले असतील. छे!

त्यांना घरी सोडायला मीच गेले. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहा केला. सर शाल अंगावर तशीच ठेवून आमच्या समोर बसले आणि कोण काय बोललं ते त्यांना सांगू लागले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग कप माझ्या हातात देऊन त्या माझ्याशीच बोलल्या.

"आमच्या पोट्ट्याच्या इंटरव्ह्यूले बी हे असेच बाहेर जाऊन बसले होते. यायच्याच कॉलेजात जागा होती. यायनं कोणाले सांगितलं नाही का पोट्टा हुशार हाय, उलट सांगितलं का माह्या पोट्ट्याले जरा जास्तच कसून पाहा. तो गेला पुण्याले, आता फोन बी नाही करत."

"काकू, जाऊ द्या," मी म्हणाले.

"जाऊच देत आली ना मी. यायची उमर जंगलात गेली, माही इथं एकटीत. मले वाटे, असू दे, माणसाचा जीव कुठंतरी असतेच. आपल्यावर नाही, पोट्ट्यावर नाही, तर त्या झाडायवर हाय." त्यांनी सरांकडे एकदा पाहिलं. "तेवढ्यावर मी दिवस काढले, पोरी. ते बी खोटंच निघालं."