पेशींची पकड

कॅन्सरची पेशी कधी पळते आणि कधी रुतते, हे आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांच्या आधी मला कळलं. फुशारकी वाटली तर खुशाल वाटू दे. खाडीकाठच्या शेतकऱ्याच्या मुलीने ती मारायची नाही तर कुणी?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी आमच्या जूचंद्र गावाहून मुंबईला पीएचडीसाठी जात होते. विषय होता स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींचा. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात. त्यांनी ती खालचा पृष्ठभाग, म्हणजे आमच्या बशीत तळाला दिलेला प्रोटीनचा थर, धरते, अंग पुढे ओढते, मागची पकड सोडते आणि सरकते. गाठीतून निघून शरीरभर पसरते ती अशीच. हे रिसेप्टर बांधून टाकणारी अँटिबॉडी घातली की पेशी जागच्या जागी बसेल, असं आम्ही सगळे गृहीत धरून होतो.

भरपूर मात्रेला पेशी बसल्या. थोड्या मात्रेला मात्र त्या आधीपेक्षा जोरात पळायला लागल्या! माझे मार्गदर्शक सर फोटो बघून म्हणाले, "बशीच्या तळाला प्रोटीनचा थर नीट बसलेला नाही. हात सुधार." मी सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग ते सर्वांसमोर म्हणाले, "सेमिनारपर्यंत हा गोंधळ निस्तरला नाही, तर विषय दुसऱ्याला देईन." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हात साफ होता माझा. पण कारण सांगता येत नव्हतं, आणि विषय गेला असता तर सगळी मेहनत पाण्यात.

त्या रविवारी ओहोटीला मी आणि आई निवट्या धरायला निघालो. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलावर उड्या मारणारे मासे. त्यांच्या कालवणावरून आमच्या घरात भांडणं होतात. वहिनी साताऱ्याकडची, लग्न होऊन नुकतीच आलेली. तीही हट्टाने आली. घसरू नये म्हणून तिने प्रत्येक पाय घट्ट रोवला. तिच्या माहेरच्या रानात ते चालत असेल. इथे ती गुडघ्यापर्यंत रुतली आणि रडकुंडीला आली.

मी ओरडले, "एवरा जोर कशाला लावतेस गो? हलका टाक पाय, मंग निंगंल!"

तिने पाय हलका टाकला आणि चालायला लागली. आई पोट धरून हसत होती. मीही हसत होते, आणि एकदम थांबले. माझ्या पेशी रुतल्या होत्या! बशीतला थर दाट, त्यामुळे पकड गरजेपेक्षा घट्ट, मागचा भाग सहज सुटत नव्हता. थोड्या अँटिबॉडीने काही रिसेप्टर बांधले गेले, पकड सैल झाली आणि पेशी सुटल्या.

हे खरं असेल, तर जिथे पकड मुळातच कमी, अशा पातळ थरावर तीच थोडी मात्रा पेशींना अडवायला हवी. मी पातळ थराच्या बश्या केल्या. पेशी अडल्या.

सेमिनारला मी दोन्ही थरांचे फोटो शेजारी शेजारी लावले. सर उठून फोटोंजवळ आले.

"हे कुठे वाचलंस?"

"वाचलं नाही, सर. आमच्या खाडीत चालून कळलं."

मागे कुणीतरी खिदळलं. सर हसले नाहीत. "विषय तुझाच," एवढंच म्हणाले आणि पुढच्या प्रयोगांचं विचारायला लागले. माझा जीव भांड्यात पडला. शिवाय अभिमानाने छाती अशी फुगली, की पुढचे काही प्रश्न मला नीट ऐकूसुद्धा आले नाहीत.

संध्याकाळी घरी आल्या आल्या आईला सगळं सांगितलं. ती पडवीत मासे साफ करत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "मंग त्या थांबतील का?"

"अर्धवट बांधल्या तर उलट पळतील. पुरत्या बांधल्या तर थांबतील."

"मंग पुरत्या बांध," आई म्हणाली.