अकरा नंबरचा आवाज

"आवाज नको, तोंड दाखवा."

हे म्हणताना तो दोन बोटं आधी स्वतःच्या डोळ्यांकडे न्यायचा आणि मग समोरच्याकडे. कॅनडातल्या ब्रॅम्पटनमध्ये आम्ही दोघं एकाच यार्डातून शाळेच्या पिवळ्या बस चालवायचो. मी वसईची, पन्नाशी उलटलेली. तो नाशिकचा, चाळिशीच्या जरा अलीकडचा. मी त्याला अरे-तुरे करायची, तो मला ताई म्हणायचा. आमच्याकडे सगळे मला बाय म्हणतात, त्यामुळे पहिले काही दिवस ताई म्हणजे मीच, हे माझ्या लक्षातच यायचं नाही.

पोरांना तो तेच इंग्रजीत सांगायचा, "नो व्हॉइस, फेस प्लीज." यादीतलं नाव घेतल्यावर नुसतं "हियर" म्हणून चालायचं नाही. मान वर करून तोंड दाखवायचं. चाळीस पोरं, चाळीस तोंडं. दुपारी शाळा सुटली की बाकीच्या बस निघून जायच्या आणि याची तिथेच उभी. तिच्यामागे माझी. हॉर्न वाजवून वाजवून माझा हात दुखायचा, पण हा गडी ढिम्म.

फेरी संपल्यावर शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन बस रिकामी आहे ना ते बघायचं असतं. एखादं पोर झोपून राहू नये म्हणून हा नियम आहे. आम्ही एकदा जायचो, आणि जानेवारीत उणे वीसमध्ये तर तेही जिवावर यायचं. तो तीनदा जायचा. वाकून, टॉर्च मारून, एकेका सीटखाली. यार्डातले पंजाबी ड्रायव्हर विचारायचे, "भाईसाब, सोना गिरा है क्या?" तो हसायचा. हसणं चांगलं होतं त्याचं, पण अर्ध्यावरच थांबायचं. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हालाही ते जाणवलं असतं.

एका ऑक्टोबरात आमच्या वसईकरांच्या ग्रुपने ग्वेल्फच्या पुढे जंगलातली एक वाट चालायचं ठरवलं. एकटा जीव, घरी बसून काय करणार, म्हणून मी त्यालाही बोलावलं. तो सगळ्यांच्या मागे चालला. कितीही सांगा, पुढे यायला तयार नाही. वर प्रत्येक वळणावर आम्हा अठरा जणांना थांबवून तोंडं बघायची. माझा नवरा वैतागला. "मी काय बालवाडीत आहे?" म्हणाला.

जेवायला बसलो तेव्हा आमच्यातला एक जण भाच्याचं कौतुक सांगत होता. भाचा नेपाळात डोंगरांना वळसा घालून, सतरा-अठरा हजार फुटांची खिंड ओलांडून आला होता. मामाने याला विचारलं, "तुम्ही नाशिकवाले म्हणजे डोंगराचे किडे. तू गेला असशील की?"

"एकदा गेलो होतो," तो म्हणाला. "थंडी फार होती."

एवढं बोलून तो उठला आणि गाडीत जाऊन बसला. मी पहाटे उठून तळलेले मैद्याचे गोल फुगेही त्याने खाल्ले नाहीत. याचा मला राग आला, खरं सांगते. आठवडाभर मी त्याच्याशी नीट बोलले नाही.

त्याच हिवाळ्यातली गोष्ट. यार्डात त्याच्या बसजवळून जात होते, तर आतून कोणीतरी बोलत होतं. हलका, थट्टेखोर, जरासा नाकातला आवाज. "अकरा," एवढंच म्हणाला तो आवाज. थोड्या वेळाने पुन्हा, "अकरा." मला वाटलं कोणी मित्र आलाय. दारातून डोकावले तर आत हा एकटाच, स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला. मला बघून दचकला.

"कोण होतं रे?"

"कोणी नाही, ताई. मीच."

तो आवाज त्याचा नव्हता. भरदुपारी माझ्या अंगावर काटा आला. घरी गेल्यावर मी मुकाट्याने एक मेणबत्ती लावली, आणि नवऱ्याने विचारलं तेव्हा सांगितलं की वास चांगला येतो म्हणून लावली.

उलगडा झाला तो मार्चमध्ये. त्याच्या बसमध्ये दोन बहिणी होत्या, एक चौथीत आणि एक पहिलीत. त्या दिवशी धाकटी शाळेच्या वॉशरूममध्येच राहिली होती. ड्रायव्हर ओरडेल म्हणून थोरलीने काय करावं? धाकटीचं नाव आल्यावर सीटखाली वाकून, धाकटीच्या बारीक आवाजात "हियर" म्हणाली. याने तोंड बघायचा हट्ट धरला तेव्हा चोरी उघडी पडली. धाकटीला शाळेतल्या बाईंनी आणून सोडलं. पाच मिनिटांचा मामला.

पण बस काही हलेना. मी उतरून पुढे गेले. तो पायरीवर बसला होता. बसची किल्ली त्याने माझ्या हातात ठेवली.

"ताई, हुबेहूब काढला तिने," तो म्हणाला. "हुबेहूब."

त्या दिवशीची फेरी दुसऱ्या ड्रायव्हरने पुरी केली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीनंतर आम्ही कॉफी घेऊन बसलो, तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

आठ वर्षांपूर्वी नाशिकहून चौदा जण नेपाळला गेले होते. तीच ती वळशाची वाट. रोज चढायचं, लॉजमध्ये राहायचं, आणि बाराव्या-तेराव्या दिवशी खिंड ओलांडून पलीकडे उतरायचं. धुक्यात तोंडं दिसत नाहीत म्हणून लीडरने प्रत्येकाला नंबर दिला होता. त्याने हाळी दिली की एक, दोन, तीन असे क्रमाने आवाज द्यायचे. याचा नंबर बारा. अकरा नंबर याचा मित्र, एकाच गल्लीत वाढलेला. कॉलेजात दोघं एकमेकांची प्रॉक्सी द्यायचे. हा त्याचा आवाज असा काढायचा की सर वर बघायचेसुद्धा नाहीत.

खिंडीच्या दिवशी पहाटेपासून मित्राचं डोकं ठणकत होतं. दोनदा ओकला. लीडरचा नियम कडक होता, ज्याला त्रास होईल त्याने हमालासोबत आल्या वाटेने खाली जायचं. मित्राने याचा हात धरला. "इथवर येऊन मी परत जाणार नाही. बोंब मारू नकोस. तू पुढे हो. नंबर आला तर माझा देऊन टाक, मी गाठतोच." सगळ्यांच्या मागून चालणारा गाईड एका बाईला आधार देत कधीच पुढे निघून गेला होता.

वर खिंडीत दाट धुकं आणि वारा. लीडरने हाळी दिली. दहाचा आवाज आला. याने मान वळवून मित्राच्या आवाजात "अकरा" म्हटलं आणि मग आपल्या आवाजात "बारा". चौदा भरले. लीडर म्हणाला, "चला."

"अर्धा तास उतरल्यावर मला राहवेना," तो म्हणाला. "लीडरला सांगितलं, अकरा मागे राहिलाय. तेवढ्यात बर्फ सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सापडला. खिंडीच्या अलीकडेच बसला होता, ताई. वर पोचलाच नव्हता."

मला प्रश्न सुचण्याआधीच तो पुढे बोलला.

"लीडर सगळ्यांना सांगत राहिला, मी अकरा ऐकलं होतं. वाऱ्यात बाकी कोणाला नीट ऐकू आलं नव्हतं, कोणी विश्वास ठेवला नाही. याला चौदा माणसं मोजता येत नाहीत, असं लोक तोंडावर बोलायचे. त्याने डोंगरात जाणं सोडलं. मित्राची आई त्याला म्हणाली, तूच मारलंस माझ्या पोराला. तेव्हा मी तिच्या शेजारी उभा होतो. तिला धरून."

"आणि तू गप्प बसलास?"

"बसलो."

"अजून?"

"अजून."

मला इतका संताप आला की माझी कॉफी तशीच राहिली. दया नाही आली, आधी संतापच आला. मी म्हटलं, "उन्हाळ्यात शाळा बंद असते. जा आणि त्याच्या आईला सांगून ये. नाहीतर माझ्याशी बोलू नकोस." तेव्हा मला वाटलं होतं, फार शहाणपणाचं बोलले.

"आणि त्या दिवशी बसमध्ये आवाज काढत होतास तो?"

"विसरेन की काय अशी भीती वाटते, ताई. माझ्याशिवाय तो आता कोणाकडे नाही."

जूनअखेर तो नाशिकला गेला. दोन हजार अठराची ती गोष्ट. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा त्याच्या बसवर एक नवी ड्रायव्हर मुलगी दिसली. मी फोन केला. आधी लीडरकडे गेला होता म्हणे. लीडरने सगळं ऐकलं, एक सणसणीत थोबाडीत दिली, आणि मग आत नेऊन चहा पाजला. आईने मारलं नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "त्याचा आवाज अजून काढता येतो तुला?" याने हो म्हटलं. ती म्हणाली, "मग बाहेर जा, आणि तो घरी आल्यासारखी हाक मार."

"मारलीस?"

"मारली."

"मग?"

"आता रोज जातो. संध्याकाळी सहाला. तो कामावरून तेव्हाच यायचा. ती आतून बोलते माझ्याशी, काय काय सांगते. दार उघडत नाही. उघडलं तर मी दिसेन ना."

मी त्याला खूप बोलले. म्हटलं, हे भलतंच आहे, तिची आणि तुझी दोघांची डोकी फिरतील. नोकरी जाईल, इथले कागद जातील, परत ये. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "ताई, तुम्हीच पाठवलंत ना." रागाने नाही, अगदी साधेपणाने म्हणाला. तेव्हापासून ते वाक्य माझ्या जिवाला लागून राहिलं आहे.

पुन्हा फोन केला तो ऑक्टोबरात, सकाळची फेरी संपवून यार्डात बसमध्ये बसले होते तेव्हा. आमचे साडेआठ म्हणजे त्याच्याकडचे सहा, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. रस्त्यावर होता, धाप लागली होती. "नंतर बोलतो, ताई," म्हणाला आणि फोन खिशात टाकला, पण बंद करायला विसरला. कापडाची खसखस ऐकू येत होती. पावलं थांबली. मग तो हलका, जरासा नाकातला आवाज आला.

"आई, आलो गं."

आणि लांबून, बंद दारापलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज.

"आले रे, आले. चपला बाहेर काढ. आज किती उशीर केलास?"

"काम होतं गं," तो त्याच आवाजात म्हणाला.

मला फोन ठेवता येईना. वाटलं, आज तरी कडी वाजेल. ती म्हातारी आतून काही सांगत होती, शेजारच्या लग्नाचं, भाजीत मीठ जास्त झाल्याचं, आणि हा मध्ये मध्ये "हो गं" म्हणत होता. मग तिचं बोलणं थांबलं. त्याचंही थांबलं. दोघं दाराच्या दोन बाजूंना उभे असावेत, कारण त्यानंतर कितीतरी वेळ पावलं काही ऐकू आली नाहीत.