नुरजहाँचा लाल पेन ड्राइव्ह

नुरजहाँला रडताना मी एकदाच पाहिलं, आणि ते तौकीरला चांगलंच महागात पडलं. बरं झालं! मेल्याला तसंच पाहिजे होतं.

आम्ही दोघी पोलादपूरच्या, शाळेत एकाच बाकावरच्या. लग्न होऊन ती महाडला आली आणि मी इथल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. तिचा नवरा जलील कुवेतला. घरातल्या फोनवर सासू-सासऱ्यांसमोर काय बोलणार? म्हणून ती बाजारातल्या तौकीरच्या सायबर कॅफेत जायची, कॅबिनमध्ये हेडफोन लावून मनातलं हळूच रेकॉर्ड करायची. तौकीर ते मेलनं पाठवायचा.

एकदा ती जलीलला म्हणाली होती, "तुमचा निळा शर्ट मी अजून धुतला नाय. उशीखाली हाय." पुढच्याच आठवड्यात मासळी बाजारात तौकीरच्या एका दोस्तानं मागून विचारलं, "भाभी, शर्ट धुतलात का?" बाकीचे फिदीफिदी हसले.

म्हणजे ह्या नालायकानं तिचा आवाज स्वतःकडे ठेवला होता आणि मोठ्या स्पीकरवर टोळक्याला ऐकवला होता! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नुरजहाँ माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली. मग तोंड धुतलं नि म्हणाली, "जलीलला सांगितलं तर तो नोकरी सोडून येईल. सासूला सांगितलं तर माझंच बाहेर पडणं बंद. ह्याला मीच बघते."

दुसऱ्या दिवशी आम्ही पेन ड्राइव्ह घ्यायला गेलो. २००६ साल, महाडात तेव्हा त्याची नवलाई होती. दुकानदारानं काचेच्या कपाटातून काळा काढला.

"लाल द्या," नुरजहाँ म्हणाली. "लांबून डोळ्यांत भरला पाहिजे."

"काय ठेवणार, ताई? फोटो?"

"आवाज."

मला वाटलं, आता ही माझ्या क्लासमध्ये बसून रेकॉर्डिंग करणार. पण ती मला घेऊन थेट आलिमाचाचींच्या घरी गेली. आलिमाचाची म्हणजे तौकीरची आई. त्यांच्या नवऱ्याचाही सगळा जन्म कुवेतला नोकरीत गेला. त्या वेळी चाची आपल्या आवाजात कॅसेट भरायच्या, फडक्यात शिवायच्या आणि तिकडं जाणाऱ्या कुणाच्याही हाती द्यायच्या. सगळ्याच घरांतून असं जायचं.

चाचींनी सगळं ऐकून घेतलं. "माझी कॅसेट कुणाकुणाच्या हातून गेली, पण कुणी टाका उसवला नाय गो," त्या म्हणाल्या. "अमानत ती, विश्वासानं सोपवलेली ठेव! आणि माझ्याच पोटी हा निपजला? चला, कुठं बोलायचं ते दाखवा."

क्लास सुटल्यावर मी त्यांना हेडफोन लावून दिला.

दुसऱ्या दिवशी मी आधीच तौकीरच्या कॅफेत, आतल्या कॅबिनमध्ये मेल बघायचं सोंग घेऊन बसले. नुरजहाँनं पेन ड्राइव्ह त्याच्या हातात दिला. "जलीलला पाठव. जरा खाजगी हाय." आणि शेजारच्या बांगड्यांच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

खाजगी म्हटल्यावर तो कसला थांबतोय! टोळकं गोळा केलं, स्पीकर वाढवला.

"तौकीर, मी तुझी अम्मी. दोस्त पण असतील ना? बसा रे, बसा. बायका नवऱ्याशी काय बोलतात ते ऐकायची लय हौस ना तुम्हाला? मग तुझ्या अब्बांना मी कॅसेटमध्ये काय बोलायची, ते सांगते. तू पाळण्यात होतास तेव्हा..."

तौकीर झेपावला. घाईत माउस खाली पडला, स्पीकरचं बटण भलतीकडेच फिरलं, आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. दोस्त माना खाली घालून चपला शोधायला लागले. शेवटी त्यानं वायरच उपटली. माझ्या जिवाला असं गार वाटलं म्हणून सांगू!

नुरजहाँ दारात उभी होती. "बंद का केलंस? पुढं अजून खूप हाय."

त्याच्या डोक्यावर उभं राहून तिनं आपली एकूण एक रेकॉर्डिंग पुसायला लावली. संपल्यावर मान वर न करता त्यानं पेन ड्राइव्ह पुढं केला.

"ठेव. तुझ्यासाठीच घेतला होता," ती म्हणाली. "आता घरी जा. अम्मी जेवायच्या थांबल्यात."